आजच्यापुरती भाकर : कठीण काळात विश्वासाचा आधार कसा घ्यावा

डायलिसिस विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "सिस्टर, प्रार्थनाच होत नाही हो. गुडघे टेकते आणि डोक्यात नुसतं औषधांचं बिल फिरतं. माझा विश्वास गेला का?" त्यांच्या मांडीवर रिपोर्टांची पिशवी होती, तिच्यावर बायबल आणि बायबलवर अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा. मी ३१ वर्षं परिचारिका होते. आता मंडळीतल्या बायकांबरोबर आठवड्यातून एकदा रुग्णांना भेटायला जाते. हा प्रश्न मला सारखा भेटतो, फक्त शब्द बदलतात. कोणी विचारतं, मानसिक आजाराची गोळी घेतली तर देवावरचा भरवसा कमी पडला असं होईल का? कोणी विचारतं, हे कुठल्या पापाचं फळ? पाळकांना सांगितलं तर मंडळीभर होईल का, ही धास्ती तर घरोघरी.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे. देव दुःख का येऊ देतो, याचं उत्तर इथे मिळणार नाही. ईयोबाला ते ४२ अध्यायांत मिळालं नाही. उद्या सकाळी उठल्यावर काय करायचं, एवढंच आपण बघू.

आधी झोप, मग भाकर

तुम्हाला एलीया आठवत असेल. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेलीच्या धमकीने घाबरून रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. ही गोष्ट १ राजे १९ मध्ये आहे. देवदूताने त्याला उपदेश केला नाही, 'तुझा विश्वास कुठे गेला' असं विचारलं नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. एलीयाने खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. देवाशी बोलणं त्यानंतर ४० दिवसांनी, होरेब डोंगरावर.

नर्स म्हणून सांगते, हा क्रम बरोबर आहे. दोन रात्री न झोपलेल्या माणसाला जे वाटतं त्यातलं निम्मं थकव्याचं असतं. तेव्हा संकट कोसळल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत एवढंच करा:

- झोपेची पाळी लावा. रुग्णाजवळ रात्री एकच माणूस, आणि रोज तोच नको. "मीच बसणार" हा हट्ट तिसऱ्या रात्री अंगाशी येतो.
- फोनवर एक माणूस नेमा. पुतण्या, भाची, कोणीही. सगळ्या नातेवाइकांना तब्येत तोच कळवेल.
- एकच फाइल करा. आधार, रेशन कार्ड, विम्याचे कागद, तारखेच्या क्रमाने रिपोर्ट. पिशवीत कोंबलेले कागद ऐनवेळी सापडत नाहीत.
- मोठे निर्णय आणि नवस पुढे ढकला. शेत विकणं, मुलीचं कॉलेज सोडवणं, 'बरे झाले तर अमुक इतके देईन' असं देवाला वचन देणं, यांपैकी काहीही या दिवसांत करू नका.
- प्रार्थना लहान ठेवा. रात्रभराची उपवास-प्रार्थना दुसरे करतील. तुम्ही जेवा. मधुमेह असेल तर उपास मुळीच नको.

यानंतर नियम एकच: योजना आजच्या दिवसाची. निर्गमच्या १६ व्या अध्यायातला मान्ना रोज सकाळी त्या दिवसापुरता मिळे. साठवून ठेवला की किडे पडत. प्रभूच्या प्रार्थनेतही आपण मागतो ती रोजचीच भाकर, वर्षाची बेगमी नव्हे. (शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची परवानगी होती, म्हणजे नियोजन अगदीच वर्ज्य नाही.) रात्री वहीच्या पानावर उद्याची तीन कामं लिहा. चौथं सुचलं तर परवावर टाका.

प्रार्थना सुचत नसेल तेव्हा

बाकड्यावरच्या बाईंना मी म्हटलं, बिल डोक्यात फिरतंय ना, मग बिलाबद्दलच बोला देवाशी. त्या दचकल्या. आपल्याला लहानपणापासून सवय लागलेली असते की प्रार्थना म्हणजे स्तुती, आभार आणि मग हळूच मागणी. स्तोत्रसंहिता उघडून पाहा. १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. देवा, झोपलास का, विसरलास का, किती दिवस अजून, असं सरळ तोंडावर विचारणारी ती माणसं. ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठे आशेची ओळ येत नाही, तरीही ते पवित्र शास्त्रातून कोणी काढून टाकलं नाही. येशूने वधस्तंभावर तोंडी घेतलं ते २२ वं स्तोत्रही गाऱ्हाण्यानेच सुरू होतं. तक्रार करणारा माणूस अजून बोलतो आहे, म्हणजे नातं तुटलेलं नाही.

स्वतःचं गाऱ्हाणं लिहायचं असेल तर स्तोत्रांचीच चाल वापरा:

१. देवाला हाक मारा, तुम्ही घरी ज्या नावाने मारता त्याच नावाने.
२. काय झालं ते नेमकं सांगा. 'संकट आलंय' असं मोघम नको. 'क्रिएटिनिन वाढलंय, दुकान बंद आहे, धाकटा माझ्याशी बोलत नाही' असं.
३. राग आला असेल तर तोही सांगा. देवाला तो आधीच ठाऊक आहे.
४. एकच गोष्ट मागा, आजच्यापुरती.
५. भरवशाचं वाक्य आतून आलं तर म्हणा. नाही आलं तर इथेच 'आमेन'.

लिहायलाही बळ नसेल तर आणखी वाटा आहेत. श्वास आत घेताना 'प्रभू येशू', सोडताना 'दया कर'. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ही छोटी प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे आणि सीटी स्कॅनच्या यंत्रातही करता येते. कॅथलिक असाल तर जपमाळेचा एक दशक पुरे, पाचही रहस्यं झालीच पाहिजेत असं नाही. 'उपासना संगीत'मधलं लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गीत गुणगुणा. शब्द नाही आठवले तर नुसती चाल. आणि काहीच जमत नसेल तर दुसऱ्याला सांगा, "आज माझ्या वतीने तू कर." मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती स्वतः चालत आला नव्हता. चौघांनी त्याला छप्पर उसवून खाली सोडलं, आणि येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला.

वाचायला काय घ्यावं? भीती वाटत असेल तर मार्कच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी असलेलं वादळ. कोणी गेलं असेल तर योहानाचा ११ वा अध्याय, जिथे येशू स्वतः रडतो. प्रार्थनेला 'नाही' असं उत्तर मिळालंय असं वाटत असेल तर २ करिंथ १२. पौलाने तीनदा विनवलं, तरी त्याच्या अंगातला काटा निघाला नाही. प्रकटीकरण या दिवसांत नको, हे माझं वैयक्तिक मत. बायबलचा कंटाळा आला तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्या. नवऱ्याने धर्म बदलल्यावर झालेली ताटातूट, हलाखी, मरणं, सगळं त्यात आहे आणि तरी मधूनच हसू फुटतं. दुःखात हसलं तर पाप लागतं असं ज्यांना वाटतं त्यांनी तर ते वाचावंच.

"हे माझ्या पापाचं फळ आहे का?"

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बोट दाखवून नेमकं हेच विचारतात: पाप याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. शिलोहामाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली तेव्हाही (लूक १३) ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती, हे त्याने स्पष्ट सांगितलं. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते. तोंड उघडून कारणं शोधू लागले आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर निघाला.

तरी कोणीतरी घरी येऊन म्हणणारच, "काहीतरी लपलेलं पाप असेल, कबूल करा." अशा वेळी वाद घालू नका. "ते मी आणि देव बघून घेऊ, तुम्ही चहा घ्या," एवढं पुरतं.

एक फरक मात्र स्वतःशी करावा. दारू पिऊन यकृत बिघडलं, किंवा भावाची जमीन लाटली आणि आता झोप येत नाही, ही ओळखता येणारी, नाव असलेली चूक आहे. ती कबूल करा आणि शक्य तितकी भरपाई करा. जक्कयाने तेच केलं. पण पोटच्या लेकराला कॅन्सर झाला म्हणून आपल्या जुन्या पापांची यादी उकरत बसू नका. एकाचा दुसऱ्याशी संबंध लावायला कोणी सांगितलेलं नाही.

कोणाला सांगायचं आणि किती

गेथशेमाने बागेत येशूनेही तिघांना जवळ बोलावून 'जागे राहा' म्हटलं. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. म्हणजे सांगायचं जरूर, पण माणसं निवडून.

- कॅथलिक वाचकांनो, पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरू कोणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाहीत. चर्चच्या कायद्यात हे गुपित अभंग आहे. पण ते बंधन त्या संस्कारापुरतं. फादरांच्या ऑफिसात चहा घेताना झालेल्या गप्पांना ते कवच नाही.
- प्रोटेस्टंट मंडळीत पाळक गुप्तता पाळतात ती कर्तव्य म्हणून. सुरुवातीलाच विचारून घ्या: "पाळकसाहेब, हे पंचांपर्यंत जाऊ नये, घरीही सांगू नये. चालेल?" असं विचारण्यात अपमान नाही. उत्तर देताना ते घुटमळले तर दुसरं माणूस शोधा.
- व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना गटावर आजाराचं नाव, वॉर्ड नंबर, मुलीचं मोडलेलं लग्न असलं काही टाकू नका. 'आमच्या घरासाठी प्रार्थना करा' एवढं देवाला पुरतं. गटातल्या ८० जणांना बाकीचं कळायची गरज नाही.
- साक्ष देण्याची सक्ती नाही. 'उभं राहून सांगा, इतरांचा विश्वास वाढेल' असं कोणी म्हटलं तरी नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फोटो आणि व्हिडिओचंही तसंच.

मदत मागताना नेमकं मागा. "काही लागलं तर सांगा," असं सगळेच म्हणतात. त्यांना सांगायला तयार यादी हवी: मंगळवारी डबा, मुलाला शाळेतून आणणं, दोन तास रुग्णाजवळ बसणं. कामाला नाव मिळालं की माणसं येतात. कॅथलिक धर्मग्रामांमध्ये बऱ्याच ठिकाणी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी असते. तिचे सदस्य घरी येऊन किराणा, औषधं, फी यांची गरज शांतपणे पाहतात. मंडळीत महिला मंडळ असतंच.

औषध की प्रार्थना?

दोन्ही. यावर मी कमी बोलणार होते, पण याच एका गैरसमजाने गेलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून लांबवते.

पवित्र शास्त्राचं याबाबत कधी भांडण नव्हतं. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि तरी यशयाने गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं (२ राजे २०). लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. केवळ प्रार्थना कर म्हणाला नाही. आपल्या महाराष्ट्राचंच बघा. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावागावांतल्या बायकांच्या हाती आरोग्य दिलं. श्रद्धेनेच ही माणसं औषधाकडे वळली होती.

म्हणून:

- चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. इन्सुलिन, फिटची गोळी, टीबीचा कोर्स, मनोविकाराचं औषध यांत एक खंडही महागात पडतो. 'बरे झालो' अशी खात्री असेल तर तपासणी करून घ्या आणि गोळी डॉक्टरला बंद करू द्या. कुष्ठरोग्याला बरं केल्यावर येशूनेही त्याला याजकाकडे दाखवायला पाठवलं होतं. त्या काळची तपासणी तीच.
- आजाऱ्याला तेल लावण्याच्या संस्काराला घाबरू नका. पूर्वी तो मरणाच्या दारात दिला जाई, म्हणून अजूनही फादरांना बोलावलं की घरात रडारड सुरू होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ते चित्र बदललं. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, म्हातारपणी अशक्तपणा वाढल्यावर तो घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो. रुग्ण शुद्धीत असताना बोलवा. प्रोटेस्टंट घरांनी पाळकांना घरी किंवा रुग्णालयात प्रभुभोजन द्यायला सांगावं. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे तेल लावून प्रार्थनाही मागता येते.
- मन खचणं हाही आजार असू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, भूक गेली, आवडतं काही आवडेना, जगण्यात अर्थ वाटेना, तर त्याला 'आत्मिक कोरडेपणा' म्हणून सोडू नका. १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर एकटे राहू नका; शेजाऱ्याला हाक मारा, ११२ लावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुम्हाला काही हक्क दिले आहेत. सरकारी यंत्रणेत उपचार मिळण्याचा आणि आजार गुप्त राहण्याचा हक्क त्यात आहे. रुग्णाला साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे, मग ते प्रार्थनाभवनात का असेना. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरतो, म्हणून पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका. आणि भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मारणाऱ्याच्या दुसऱ्या हातात कोणतं पुस्तक आहे, याने त्यात फरक पडत नाही.

पैशाची ओढाताण

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल. माझ्या नवऱ्याचं डायलिसिस चालू असतानाच्या दुसऱ्या वर्षी मी एका सभेला गेले. व्यासपीठावरून सांगितलं गेलं, जे सगळ्यात प्रिय आहे ते पेरा, शंभरपट उगवेल. मी, पेशाने नर्स, किडनीचे आकडे तोंडपाठ असलेली, हातातली एक बांगडी काढून पेटीत टाकली. आईची होती. पावती मागायचं सुचलंही नाही. पुढच्या महिन्यात इंजेक्शनांना पैसे कमी पडले, तेव्हा दुसरी बांगडी सोनाराकडे नेली. त्याने विचारलं, "जोडी कुठंय, मावशी?" मला उत्तर देता आलं नाही.

दशमांश, दान, मिस्सा यांबद्दल वाचक फार अडखळत विचारतात. माझं मत सरळ आहे. कर्ज काढून दान करू नका. औषधाच्या पैशातून तर नाहीच. आईबापांना द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात खडसावलं आहे. तंगीच्या काळात दान थांबलं तर पाळकांना कळवा किंवा कळवू नका. देवाची वसुली लागत नाही. कॅथलिक कायदा तर स्पष्ट सांगतो की गरिबीमुळे कोणी संस्कारांपासून वंचित राहता कामा नये, आणि अंत्यविधीलाही तेच लागू. ठरवून दिलेल्या अर्पणाहून जास्त कोणी मागितलं तर नम्रपणे विचारा, "हे कोणी ठरवलं, फादर?"

उपचारांच्या खर्चासाठी आधी हे करा, मग सोनाराकडे जा:

१. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते पाहा. तिथे 'आरोग्यमित्र' बसतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन भरती होण्याआधी किंवा लगेच त्याला भेटा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे, पण ते ठरावीक उपचारांनाच. तुमचा उपचार यादीत आहे का, हे आधी विचारा.
२. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. हे राज्यातल्या सगळ्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना लागू आहे. ख्रिस्ती संस्थेचं असलं म्हणून सूट नाही, आणि तिथे ख्रिस्ती रुग्णाला वेगळा हक्कही नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो पहिल्या आठवड्यातच काढा. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. दाद दिली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार करा.
३. मग मंडळी, सोसायटी, नातेवाईक. उसने घेतले तर वहीत लिहा, बहिणीकडून घेतले तरी.

इथे पाय घसरतो

लोक पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेचकाळतात, म्हणून काही खाचखळगे लिहिते. आजार बरा करण्याची हमी देणारा, भेटीची फी घेणारा, तेलाच्या किंवा पाण्याच्या बाटल्या विकणारा, डॉक्टरला सोडायला सांगणारा आणि आपल्या मंडळीशी संबंध तोडायला लावणारा माणूस दिसला तर तिथून उठा. त्याच्या सभेत खरोखर कोणी बरं झालं असलं तरीही उठा.

दुसरी गोष्ट बायकांसाठी. 'नवरा मारतो, पण सोसणं हाच माझा क्रूस,' असं सांगणाऱ्या बायका मी तपासणीच्या खोलीत पाहिल्या आहेत, ब्लाउजच्या बाह्या लांब शिवलेल्या. शौल भाला घेऊन उठला तेव्हा दावीद तिथे बसून राहिला नाही, पळाला. हेरोदाची तलवार निघाली तेव्हा योसेफ रात्रीतून मूल आणि आई घेऊन मिसरात गेला. क्षमा केली म्हणून पुन्हा मार खायला घरी जावं लागत नाही. १८१ वर फोन करा, किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण मिळतं आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही. नातं ठेवायचं की नाही ते नंतर ठरवता येईल. आज रात्री कुठे सुरक्षित झोपाल ते आज ठरवा. पाळकांनी घाईने समेट घडवायला दोघांना एका खोलीत बसवलं तर एकटीने बोलण्याची मागणी करा.

घरात मरण आलं तर

रडा. 'ख्रिस्ती माणसं आशाहीनांसारखी रडत नाहीत' हे वाक्य लोक अर्धवट ऐकतात. पौलाने आशा सोडू नका म्हटलं, डोळे कोरडे ठेवा म्हटलं नाही. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये केडगावला वारल्या. त्यांना आपण 'धीराच्या' म्हणतो ते खरं, पण त्या आईला त्या महिन्यांत काय झालं असेल याचा विचारही करावा.

आत्महत्येने कोणी गेलं असेल तर घरच्यांच्या डोक्यात पहिली भीती असते: चर्चमधून माती मिळेल का? कॅथलिक कायद्याच्या १९१७ च्या संहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांत आत्महत्या होती. १९८३ च्या संहितेत ती नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात तर अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये असं म्हटलं आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांवर अवलंबून असतं. अडचण आली तर वरिष्ठ पाळक किंवा बिशप यांच्याशी लगेच बोला, दफन झाल्यावर नाही. कुजबुज करणाऱ्यांना उत्तर देण्याची जबाबदारी तुमची नाही.

पहिलं वर्ष अवघड जातं. वाढदिवस, पहिला नाताळ, २ नोव्हेंबरला सजलेलं कबरस्तान. या तारखा आधीच वहीत लिहा आणि त्या दिवशी कोणाबरोबर असायचं ते ठरवा. उपासनेत गाणं सुरू झालं की हुंदका येतो म्हणून बऱ्याच जणी चर्चला जायचं सोडतात. मागच्या बाकावर, दाराजवळ बसा. बाहेर पडता येतं आणि परत आतही येता येतं. मी तसंच वर्षभर केलं.

भेटायला जाणाऱ्यांसाठी

तुमच्या घरी सगळं ठीक असेल तर हा भाग तुमच्यासाठी. फोन करून जा. वीस मिनिटांहून जास्त बसू नका. 'देवाची मर्जी', 'तो देवाला आवडला', 'निदान त्रास तरी संपला', यांपैकी एकही वाक्य नको. वाचन आणि प्रार्थना करू का, असं आधी विचारा. 'नको' म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. कॉटवर बसू नका, नळ्या ओढल्या जातात. फळं सगळेच आणतात आणि ती सडतात, तेव्हा डबा न्या: पिठलं, भात, मऊ भाकरी, तिखट बेताचं. भांडं असं न्या की परत मिळालं नाही तरी चालेल. आणि ते आणायला म्हणून पुन्हा फोन करू नका.